एचआरव्हीला मराठीत काय म्हणावे?

मनगटी घड्याळाच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या ‘एचआरव्ही’ (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) या आकड्यासाठी ‘हृदयगती परिवर्तनशीलता’ हा शब्द हल्ली वाचनात येतो. तो शब्दशः बरोबर असला, तरी वाचणाऱ्याचा समज त्याने चुकीचा होतो, असे माझे मत आहे. हृदयगती बदलते म्हटले, की जिना चढताना ठोके वाढतात आणि बसल्यावर उतरतात, हेच डोळ्यांसमोर येते. हा आकडा मात्र लागोपाठच्या दोन ठोक्यांमध्ये जो वेळ जातो, त्यात ठोक्यागणिक किती फरक पडतो हे सांगतो, आणि म्हणूनच तो मिलिसेकंदांत दिलेला असतो.

समजा, सलग चार ठोक्यांमागचा वेळ ९६०, १०४०, ९७० आणि १०३० मिलिसेकंद असा आहे. सरासरी बरोबर १००० येते, म्हणजे गती मिनिटाला ६० ठोके. चारही वेळा १००० मिलिसेकंदच लागले असते, तरी गती ६०च राहिली असती, पण एचआरव्ही शून्य झाली असती. गती तीच राहूनही जे बदलते, त्याच्या नावात ‘गती’ हा शब्द प्रमुख असावा का, हा माझा मूळ प्रश्न आहे. ही अडचण केवळ मराठीची नाही. या मोजमापाचे निकष ठरवणाऱ्या युरोपीय आणि अमेरिकी हृदयतज्ज्ञ संस्थांच्या कृतिगटाने १९९६ साली, मोजमाप गतीचे नसून ठोक्यांमधल्या वेळेचे आहे आणि ते सांगणारी इतर नावे अधिक समर्पक आहेत, हे मान्य केले होते. पण रुळलेले नाव म्हणून एचआरव्हीच कायम ठेवले.

‘अनियमितता’ हा पर्याय मात्र मी ठामपणे नाकारेन. वैद्यकात तो शब्द ताल बिघडण्यासाठी वापरला जातो, तर येथे बहुतांशी निरोगी हृदयाचा स्वभाव सांगायचा आहे: श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात, आणि हा खेळ मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे चालतो. गोंधळ उलट बाजूनेही होतो, कारण ताल खरोखर बिघडला तरी हा आकडा फुगतो.

मग ‘स्पंदनांतर’ म्हणावे का? मला तो शब्द आधी फार आवडला होता. पण भाषांतर, रूपांतर, मतांतर या शब्दांत ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरे’, त्यामुळे स्पंदनांतर म्हणजे ‘दुसरे स्पंदन’ असाही अर्थ निघतो. ‘अजून अवकाश आहे’ या वाक्यातला वेळेचा अर्थ जागा ठेवून ‘स्पंदनावकाश-भिन्नता’ म्हणता येईल. पारिभाषिक लेखनात मी तो वापरेन. ॲपच्या पडद्यावर ‘ठोक्यांमधल्या वेळेतला फरक’ हेच पुरे आहे.

नावाखालच्या आकड्यालाही खुलासा लागतो. वरच्याच चार वेळांमधील लागोपाठच्या फरकांचे वर्ग करून त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले, तर सुमारे ७० येतात. त्याच वेळांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून त्या किती विखुरल्या आहेत याचे माप, काढले, तर सुमारे ३५. पहिल्या रीतीला आरएमएसएसडी म्हणतात आणि फिटबिट व ओरा ती वापरतात. दुसरी एसडीएनएन, जी ॲपल हेल्थमध्ये दिसते. म्हणून ‘माझी ७० आणि तुझी ३५’ ही तुलना रीत सांगितल्याखेरीज निरर्थक ठरते. वयाबरोबर हा आकडा साधारणपणे घटत असल्यामुळे ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ एचआरव्ही असे लिहिण्यापेक्षा ‘नेहमीपेक्षा जास्त’ किंवा ‘नेहमीपेक्षा कमी’ असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

राहिला लिंगाचा प्रश्न. ‘एचआरव्ही वाढला’ असेही लिहिलेले आढळते. परिवर्तनशीलता काय किंवा भिन्नता काय, दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने ‘एचआरव्ही वाढली’ असेच लिहावे.