शब्दचर्चा : ‘स्टेबल व्हर्जन’ म्हणजे अंतिम आवृत्ती का?

प्रश्न : तांत्रिक मानकांच्या भाषांतरात ‘स्टेबल व्हर्जन’साठी कुणी ‘अंतिम आवृत्ती’ लिहितं, कुणी ‘स्थिर आवृत्ती’. मानकं तर बदलतच राहतात. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद : ‘अंतिम’ अजिबात नको. वेबपानं लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेचं मानक घ्या : एचटीएमएल ४.०१ डिसेंबर १९९९ मध्ये आलं, एचटीएमएल ५ ऑक्टोबर २०१४ मध्ये. दोन्ही स्थिर होती, अंतिम एकही नव्हतं. ‘स्थिर’ हा शब्द फक्त मजकुराविषयी बोलतो : या आवृत्तीतलं अक्षर आता हलणार नाही.

प्रश्न : पण ‘स्थिर’ म्हटलं की वाचणारा ती आजही लागू आहे असं समजतो.

प्रतिसाद : घोटाळा इथेच होतो, म्हणून ‘स्थिर’ आणि ‘लागू’ हे शब्द वेगळे ठेवा. इंटरनेटची मानकं ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात. वेबपानांची देवाणघेवाण ज्या एचटीटीपी नियमांनी होते, त्यांचं आरएफसी २६१६ हे १९९९ चं. २०१४ मध्ये सहा नव्या दस्तऐवजांनी त्याची जागा घेतली, २०२२ मध्ये त्यांचीही जागा आरएफसी ९११० आणि त्याच्या जोडीच्या दस्तऐवजांनी घेतली. तरी २६१६ चा मजकूर आहे तसाच वाचायला मिळतो. जुनी प्रणाली कोणत्या नियमावर बांधली होती हे तपासायचं तर तोच लागतो. म्हणजे स्थिर आहे, लागू नाही. अशा दस्तऐवजाला ‘रद्द’ म्हणू नये. सरकारी मराठीतला ‘अधिक्रमित’ जड आहे खरा, पण ‘ज्याची जागा नव्याने घेतली आहे’ हा अर्थ अचूक देतो.

दुसरा प्रतिसाद : स्थिर मजकुरात चूक सापडली तर? आरएफसीत ती मूळ मजकुरात दुरुस्त करत नाहीत, वेगळी नोंदवतात. आपला ‘शुद्धिपत्र’ हा शब्द तिथे चपखल बसतो. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक आणि नावं देणाऱ्या युनिकोड या मानकात तर एका चिन्हाच्या नावात ‘ब्रॅकेट’चं स्पेलिंग चुकलंय. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही हा नियम असल्यामुळे ते तसंच ठेवून बरोबर स्पेलिंगचं पर्यायी नाव जोडलं आहे.

प्रश्न : आणि ‘लिव्हिंग स्टँडर्ड’, म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत बदलत राहणारं मानक? ‘जिवंत मानक’ कानाला खटकतं.

प्रतिसाद : मला ‘प्रवाही मानक’ आवडतं. एचटीएमएल आता तसंच चालतं, त्यामुळे संदर्भ देताना त्या दिवशीची गोठवलेली प्रत सांगावी लागते. तिला ‘गोठवलेली प्रत’च म्हणा, कारण ‘आवृत्ती’मागे संपादकांनी ठरवून केलेलं प्रकाशन असतं.

संदर्भातलं वर्षही भाषांतरात गाळू नका. तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा संदर्भ ‘आयएसओ ८६०१:२००४’ असा दिला तर २००४ चीच आवृत्ती, वर्षाविना लिहिलं तर सर्वांत नवी.