व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा एका दिवसात: रेल्वे, बस की बोट?

दादरकर:
नमस्कार. मे महिन्यात आईवडिलांना घेऊन व्हिएन्नाला जात आहे. एक दिवस मोकळा असल्यामुळे सकाळी ब्रातिस्लाव्हाला जाऊन रात्री परतण्याचा विचार आहे. अंतर साठेक किलोमीटर, म्हणजे आपले चर्चगेट ते विरार; पण मधे देशाची सीमा असल्यामुळे घरात एकमत होत नाही. वडिलांना रेल्वे हवी, ट्रॅव्हल एजंट बस सुचवतो आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या आईचे मन डॅन्यूबवरच्या बोटीत अडकले आहे. आमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे, त्याने काही अडेल का?

मुलुंडकर:
व्हिसाची काळजी नको. स्लोव्हाकिया डिसेंबर २००७ पासून शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, त्यामुळे तिथे जाऊन ऑस्ट्रियात परतणे हा नवा प्रवेश धरला जात नाही. मात्र पोलीस अधूनमधून तपासणी करतात, म्हणून मूळ पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नये. चलनही युरोच आहे.

मी रेल्वेच्या बाजूचा. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून सुमारे तासाभरात पोहोचता येते आणि सीमा ओलांडल्याचे मला मोबाइलवर स्लोव्हाक नेटवर्कचा संदेश आला तेव्हाच कळले. फक्त तिकीट घेताना स्थानकाचे नाव नीट वाचावे. काही गाड्या ब्रातिस्लाव्हाच्या मुख्य स्थानकावर जातात, तर काही नदीच्या दक्षिणेकडील पेत्रझाल्का येथे थांबतात. मी घाईत दुसरी गाडी पकडली आणि जुने शहर शोधत उंचच उंच काँक्रीटच्या इमारतींमध्ये उभा राहिलो. पुढे बसने पूल ओलांडावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती.

गिरगावची प्रवासी:
आईंचा आग्रह मोडू नका, असे माझे मत आहे. बोट व्हिएन्नात श्वेडेनप्लात्झजवळून, म्हणजे भर शहरातून सुटते आणि ब्रातिस्लाव्हात जुन्या शहराच्या अगदी काठाशी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचे मोल फार. जाताना प्रवाहाबरोबर सुमारे सव्वा तास लागतो, परतताना प्रवाहाविरुद्ध त्याहून अधिक. शेवटच्या टप्प्यात, मोरावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे, कड्यावर देवीन किल्ल्याचे अवशेष दिसतात. त्या वेळी डाव्या बाजूच्या खिडकीशी असावे. तिकीट रेल्वेपेक्षा बरेच महाग आहे, म्हणून जाताना बोट आणि येताना रेल्वे असे करावे. शनिवार-रविवार असल्यास आसने आधीच राखून ठेवावीत. ब्रातिस्लाव्हातल्या डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत चढ आहे आणि जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे आईंना चांगल्या तळव्याचे बूट द्यावेत. चपला घालून निघाल्या तर बोट कुठे लागते याने काही फरक पडणार नाही.

मुलुंडकर:
परतीला रेल्वे, हे मान्य. बस वाईट नाही. व्हिएन्ना विमानतळावर थांबत असल्यामुळे विमानातून उतरून थेट ब्रातिस्लाव्हाला जाणाऱ्यांना ती सोयीची पडते. आपण शहरातच राहणार आहात, तेव्हा रस्त्यावरच्या वाहतुकीचा धोका विनाकारण का पत्करावा?

दादरकर:
दोघांचेही आभार. जाताना बोट, येताना मुख्य स्थानकावरून रेल्वे असे ठरवले आहे. वडिलांनी एकच अट घातली आहे, की परतीच्या गाडीत खिडकी त्यांची.