मदत हवी आहे: हलतं चित्र लोकांना समजलं की नुसतं आवडलं, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल ४० सेकंदांचं अ‍ॅनिमेटेड इन्फोग्राफिक बनवलंय, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी. मुद्दा एवढाच: हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने या अळीचे नर पतंग ओढून पकडणारे) लावा, सलग ३ रात्री दर रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्या. सोबत डोमकळी (अळी लागल्याने नीट न उमलता मिटूनच राहिलेलं फूल) कशी ओळखायची, तेही.

पहिल्यांदा आप्पांना दाखवलं. ओट्यावर बसून दोनदा बघितलं, म्हणाले, "अळी काय भारी वळवळते रे भो!" मी विचारलं, किती पतंग दिसल्यावर फवारायचं? आप्पा गप्प. आकडा होता की पडद्यावर, पण नेमका तेव्हाच कोपऱ्यात पतंग फडफडत होता. (तो फडफडवायला माझे दोन दिवस गेले, म्हणून काढवत नाही.)

छापील तक्त्यावर नजर मागे नेता येते, इथे दृश्य सरकलं की गेलं. म्हणून वाटतं, निम्म्या लोकांना हलतं आणि निम्म्यांना तेच स्थिर चित्र दाखवावं, मग दोन्हीकडे सारखेच प्रश्न विचारावेत. पण प्रश्न लगेच विचारू की आठवड्याने? आणि ज्यांना ८ चा आकडा आधीच ठाऊक आहे त्यांना कसं वेगळं काढायचं? आधीच विचारलं तर ते सावध होऊन बघतील ना!

कुणी असं गावात करून पाहिलंय का? साधारण किती माणसं पुरतात?