मदत हवी आहे: चार्जिंगचा लाल दिवा विझतच नाही, '३एडब्ल्यू' या दिवा चालू-बंद करणाऱ्या डबीऐवजी काय बसवावं?

गाडी १९६०च्या दशकातली ब्रिटिश, डायनॅमो नाही, ११एसी मॉडेलचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) आहे. इंजिन चालू झालं तरी डॅशबोर्डवरचा इग्निशनचा लाल दिवा तसाच पेटलेला. चार्जिंग मात्र ठणठणीत आहे: बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास.

संशय '३एडब्ल्यू' या छोट्या डबीवर आहे (दिसायला थेट इंडिकेटरच्या फ्लॅशरसारखी, त्यामुळे भलतीच डबी बदलली जाते!). तिला एएल (अल्टरनेटरकडून येणारं), डब्ल्यूएल (दिव्याकडे जाणारं) आणि ई (अर्थ) अशी तीन टर्मिनलं. आत एक बारीक तार असते. अल्टरनेटरकडून एएलवर करंट आला की ती तापून लांबते, कॉन्टॅक्ट सुटतो आणि दिव्याचं अर्थिंग तुटतं. इंजिन चालू असताना माझ्याकडे एएलवर साधारण ७ व्होल्ट मिळतात, म्हणजे तिथवर सगळं बरोबर. डब्ल्यूएलची वायर काढली की दिवा लगेच विझतो, त्यामुळे वायर कुठे बॉडीला टेकत असेल असंही नाही. डबीचं अर्थिंग घासून पुसून पाहिलं, फरक शून्य.

जुना पण न वापरलेला पार्ट घ्यायला मन धजत नाही. आतली तार कधी दगा देईल सांगता येत नाही. तसाच दिसणारा इलेक्ट्रॉनिक पार्ट कोणी बसवलाय का? दिवा २.२ वॅटचाच आहे, तो चालेल ना? की ६ व्होल्टचा नॉर्मली क्लोज्ड रिले (कॉइलला करंट मिळाला की कॉन्टॅक्ट सोडणारा स्विच) लावून भागेल? एएलवरचा पुरवठा सलग नसतो, धडधडत येतो, म्हणून रिले किरकिरेल अशी धास्ती आहे. ती धडधड शमवायला रिलेच्या कॉइलला समांतर कपॅसिटर लावून कोणाचं काम झालं असेल तर किती मायक्रोफॅरडचा लावला?

अल्टरनेटर बदलायचा सल्ला कृपया नको, तो ठेवायचाच आहे.