टी-७२ च्या जागी येणाऱ्या रणगाड्यात गोळे कुठे ठेवायचे?

सह्यवेडा : लष्कराला टी-७२ च्या जागी १७७० नवे रणगाडे हवे आहेत. माझं म्हणणं एकच, गोळे आणि माणसं एकाच डब्यात बसवणारा रणगाडा पुन्हा घेऊ नका. टी-७२ आणि टी-९० मध्ये टरेटखाली, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाखाली, ऑटोलोडरची (तोफेत आपोआप गोळे भरणाऱ्या यंत्राची) फिरती चकती असते. तिच्यात २२ गोळे आणि त्यांचे दारूचे चार्ज, आणि कमांडर-गनर त्यांच्या वरच बसलेले. युक्रेनमध्ये टरेट उडून बाजूला पडलेले रणगाडे २०२२ पासून आपण पाहतोय. चार्ज पेटले की आतल्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अमेरिकेच्या अब्राम्स रणगाड्यात बहुतेक गोळे टरेटच्या मागच्या बंद कप्प्यात असतात. मध्ये पोलादी दार, वर ब्लो-ऑफ पॅनल, म्हणजे आतल्या दाबानं उडून जाणारं झाकण. कप्पा पेटला तर पॅनल उडून ज्वाळा वर निघून जातात. रणगाडा जातो, पण आतली माणसं वाचण्याची आशा राहते. प्रशिक्षित गनर कारखान्यात तयार होत नाही हो!

माळरान : चकतीला एवढं झोडपू नका. ती अगदी तळाशी असते, समोरून आलेला मारा तिथवर सहसा पोचत नाही. खरा घात करतात ते चकतीत न मावलेले, आत जागा मिळेल तिथे ठेवलेले जादा गोळे. रशियानं टी-९०एम मध्ये त्यातलेच काही बाहेरच्या पेटीत हलवले. शिवाय वजन बघा. टी-९० सुमारे ४६ टनांचा, अर्जुन मार्क-१ए ६८ टनांचा. पंजाबात कालव्यामागून कालवा लागतो, तिथल्या प्रत्येक पुलावरून ६८ टन नेता येतील का?

सह्यवेडा : समोरून मारा व्हायचे दिवस गेले. आता ड्रोन वरून येतो आणि सुरुंग खालून फुटतो. वजनाचं म्हणाल तर फ्रान्सचा लक्लेर आणि कोरियाचा के-२ बघा. दोन्ही ५५ टनांच्या आसपास, माणसं तीनच, आणि ऑटोलोडर टरेटच्या मागच्या कप्प्यात. म्हणजे ऑटोलोडर वाईट नाही, त्याची जागा वाईट आहे.

माळरान : के-२ च्या त्या कप्प्यात गोळे किती? १६. बाकीचे पुढे, खालच्या सांगाड्यात. जर्मन लेपर्ड-२ चंही तेच, ४२ पैकी १५ मागे आणि २७ चालकाच्या शेजारी. २०१६ च्या अखेरीस सीरियात अल-बाबला तुर्कस्तानच्या काही लेपर्डची टरेटं उडालीच ना? आणि फक्त १६ घेऊन लढायचं ठरवलं, तर गोळ्यांचे ट्रक आघाडीच्या आणखी जवळ आणावे लागतील. ड्रोनला रणगाड्यापेक्षा ट्रक सोपा.

वरणगावचा : तुम्ही दोघंही रणगाड्याच्या आतच अडकलात. गोळा तिथवर पोचतो कसा ते बघा. युक्रेनच्या एका सैन्याला टी-६४ आणि टी-७२ साठी १२५ मिमी व्यासाचे, लेपर्ड-२ आणि अब्राम्ससाठी गुळगुळीत नळीचे १२० मिमी, ब्रिटिश चॅलेंजर-२ साठी आट्यांच्या (आतून पिळाच्या खाचा असलेल्या) नळीचे १२० मिमी, लेपर्ड-१ साठी १०५ मिमी, असे चार जातींचे गोळे वाहावे लागले. फ्रान्सच्या एएमएक्स-१० आरसी या चाकांच्या चिलखती गाडीची तोफही १०५ मिमीच, पण लेपर्ड-१ चा गोळा तिला चालत नाही! चुकीची पेटी चुकीच्या तुकडीकडे गेली की तो रणगाडा उभा राहिला. ब्रिटनसुद्धा पुढच्या चॅलेंजर-३ ला इतरांसारखी गुळगुळीत नळी देतंय.

आपल्याकडे टी-७२, टी-९० चे १२५ मिमी, अर्जुनची आट्यांची १२० मिमी, नव्या हलक्या झोरावर रणगाड्याची १०५ मिमी. आता गुळगुळीत १२० मिमी आणली की चौथी जात. कॅगच्या २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याच्या ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाही एवढा कमी निघाला होता. ते वाचून माझी तर झोप उडाली होती. १२५ मिमीच ठेवा.

सह्यवेडा : १२५ मिमी ठेवण्यात मोठी अडचण आहे. चकतीत गोळा आणि चार्ज वेगळे ठेवावे लागतात, त्यामुळे चिलखतभेदी बाणाची (बाणासारख्या लांब, टोकदार गोळ्याची) लांबी चकतीच्या मापात अडकते. समोरचं चिलखत जाड होत जाणार आणि आपला बाण तेवढाच राहणार. पुढची तीस-चाळीस वर्षं वापरायचा रणगाडा आजच्या गोदामाकडे बघून ठरवायचा का?

वरणगावचा : गोदाम रिकामं असेल तर लांब बाण काय कामाचा? ठीक आहे, १२० मिमी घ्या. पण करारात अट घाला, की पहिला रणगाडा रेजिमेंटकडे जाण्याआधी त्याच्या गोळ्यांचं आणि चार्जचं उत्पादन देशात सुरू झालेलं हवं, आणि सरावाचे गोळे धरून साठा आधी भरलेला हवा. ही अट नसेल तर माझा विरोध कायम.