मदत हवी आहे: टर्बो गाडीला एलपीजी किट, रेस दाबली की गाडी झटके मारते (सोलापूर)

विंचू_१३
तीन आठवडे झाले, डोकं फिरायची वेळ आली आहे. गाडीला एलपीजी किट बसवून घेतलं. पेट्रोलवर गाडी मक्खन. गॅसवरही गावात ठीक, सात रस्ता ते विजापूर नाका काही त्रास नाही. पण हायवेला लागून रेस दाबली की ३००० आरपीएमच्या पुढे मिसिंग, खोकल्यासारखे दोन-तीन आवाज आणि चेक इंजिनचा दिवा. मग आपोआप पेट्रोलवर जाते. बसवणारा म्हणतो, टर्बोला असंच होणार, सवय होईल. चार वेळा ट्युनिंग करून झालं. सोमवारी पहाटे पुण्याला निघायचं आहे. नेमकं काय बघू? लवकर सांगा.

चादरवाला
गाडी कोणती? मॉडेल कोणत्या साली घेतलं? किट कोणतं?

विंचू_१३
टर्बो पेट्रोल आहे असं लिहिलंय ना. किट सिक्वेन्शिअल आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर, मिक्सरवालं नाही.

कडक_भाकरी
मालक, टर्बो पेट्रोल म्हणजे काय एकच गाडी आहे का? पोलो जीटी टीएसआय असेल तर तिचं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. तिथे नुसता गॅस चालवला तर पेट्रोलचे इंजेक्टर आतल्या जाळात कोरडे तापत बसतात आणि खराब होतात. म्हणून असल्या गाडीत गॅसबरोबर थोडं पेट्रोल चालूच ठेवावं लागतं, त्याचं किट वेगळं. बलेनो आरएसचंही तेच. टियागो जेटीपी असेल तर इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये आहेत, तिथे साधं सिक्वेन्शिअल चालतं. आता गाडीचं नाव सांगा, नाहीतर आम्ही अंधारात दगड मारत बसणार.

बार्शीकर
एलपीजीच्या नादी लागू नका. माझी वॅगन आर सहा वर्षं सीएनजीवर आहे, एकदाही मिसिंग नाही. सोलापुरात आता सीएनजी मिळतो. गळती झाली तर सीएनजी हलका म्हणून वर उडून जातो, एलपीजी जड, खाली साचून राहतो. बेसमेंट पार्किंगवाल्यांनी हा विचार करायलाच हवा.

गॅसकिट_अण्णा
बार्शीकर, वॅगन आरला टर्बो नाही, तुलना कशाला? आणि सीएनजीची टाकी २०० बार दाबाची, जाड लोखंडाची, डिकी गेली. एलपीजीची गोल टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते.

मी २० वर्षं किटच बसवतोय. ९० टक्के केसमध्ये प्लग असतो. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, त्यात टर्बोने हवा कोंबलेली. गॅप ०.७ मिमीवर आणा, कॉइल तपासा. दुसरं म्हणजे रिड्यूसरवर, म्हणजे द्रव गॅसची वाफ करून दाब कमी करणाऱ्या डब्यावर, पांढरा बर्फ धरतो का, ते बघा.

विंचू_१३
प्लग नवीन टाकलेत, गॅप ०.७ च आहे. आणि अण्णा, सोलापूरच्या मे महिन्यात बर्फ?

गॅसकिट_अण्णा
होय, मे महिन्यातच. द्रव गॅसची वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो. ती द्यायला कूलंटचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. पाणी कमी असेल किंवा पाईपमध्ये हवा अडकली असेल तर बाहेर ४३ डिग्री असली तरी रिड्यूसर गारठतो. मग पातळ गॅस तसाच पुढे जातो आणि गाडी खोकते.

पार्क_चौक
सोमवारी फक्त पुण्याला पोचायचं असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढा. सकाळी निघून दुपारच्या आत पुण्यात. गाडीचं नंतर निवांत बघता येईल.

विंचू_१३
दादा, सोबत आई आहे आणि सामान आहे. गाडीच न्यायची आहे.

एनएच_६५
आरसीवर एलपीजीची नोंद केली आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंधन बदललं की आरटीओला कळवून आरसीवर चढवावं लागतं. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला हाच प्रश्न काढते. किटच्या मंजुरीच्या सर्टिफिकेटची प्रत मागून घ्या आणि त्यात तुमचं इंजिन बसतं का ते स्वतः वाचा.

बार्शीकर
हे सगळं पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून वाढलंय. ई-२० आल्यापासून माझ्या भावाच्या बाईकचं ॲव्हरेज पडलं.

कडक_भाकरी
इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, ॲव्हरेज थोडं पडणारच. पण आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, उसाचं बिल वेळेवर निघायला त्याचाच हातभार लागतो, तेही बघा. त्यासाठी वेगळा धागा काढा. इथला माणूस अडकलाय.

शेंगाचटणी
विंचू_१३, तीन प्रश्न. गाडी कोणती? दिवा लागल्यावर स्कॅनरवर कोड कोणता येतो? रिड्यूसरपासून इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डपर्यंत बारीक व्हॅक्यूम पाईप गेलाय का? मी पुण्यात इंजिन टेस्टिंगला असते, हे तीन कळल्याशिवाय कोणीही ठाम सांगू शकणार नाही.

विंचू_१३
अबार्थ पुंटो, २०१६ची. कोड पी ०१७१ आणि एकदा पी ०३००. पाईपचं माहीत नाही. बसवणाऱ्याने टर्बोसाठी सगळं केलंय म्हणून सांगितलं होतं.

लिनिया_टीजेट
अबार्थ! सोलापुरात! विंचू नाव का घेतलं ते आता कळलं, अबार्थच्या लोगोतच विंचू आहे. १.४ टी-जेट, १४५ हॉर्सपॉवर. आपल्या रांजणगावात बनलेली गाडी आहे ही. याच टी-जेट घराण्याचं इंजिन तिकडे इटलीत कंपनीतूनच एलपीजीसकट यायचं, आल्फा मिटोमध्ये. त्यामुळे टर्बोला असंच होणार, हे मला पटत नाही. एक फोटो टाका ना गाडीचा.

शेंगाचटणी
टी-जेटचे इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये आहेत, चांगली गोष्ट. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने इंधन कमी. पी ०३०० म्हणजे मिसिंग.

रिड्यूसर गॅसचा दाब साधारण १ बार वर ठेवतो. कशाच्या वर? मॅनिफोल्डमधल्या दाबाच्या वर. आत किती दाब आहे हे त्याला त्या बारीक पाईपमधूनच कळतं. पाईप नसेल तर तो बाहेरची हवा धरून चालतो. साध्या गाडीत तेवढ्यावर भागतं, कारण मॅनिफोल्डमध्ये कायम ओढच असते. तुमच्याकडे टर्बो भरला की आत बाहेरच्यापेक्षा समजा ०.८ बार जास्त. म्हणजे गॅस इंजेक्टरच्या एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला ०.८. उरला ०.२. एवढ्या जोरावर गॅस आत जाणार कसा? ट्युनिंग चाळीस वेळा केलं तरी हे सुटणार नाही.

आणि कृपा करून सध्या गॅसवर रेस दाबू नका. टर्बो भरलेला असताना लीन चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनही जातो. एलपीजीचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, टर्बोला ते मानवतं, पण गॅस पुरेसा पोचला तरच.

गॅसकिट_अण्णा
ताईंचं बरोबर असेल, पण पाईप नसेल असं मला वाटत नाही. नवखा पोरगाही तो जोडतो. माझं अजून कूलंटवरच मत आहे.

विंचू_१३
आत्ता बोनेट उघडून टॉर्च लावून बघितलं. कूलंट भरलेलं आहे, बर्फ नाही. रिड्यूसर बॅटरीच्या मागे आहे. त्याच्या पितळी टोकावर चार बोटं लांबीचा काळा रबरी पाईप आहे आणि त्याच्या दुसऱ्या तोंडात एक स्क्रू पिळून बसवलाय, वरून क्लिप. पाईप कुठेच जात नाही. तीन आठवडे मी या माणसाकडे चकरा मारतोय आणि हा म्हणतो सवय होईल. इतका राग आलाय की हात थरथरतोय.

गॅसकिट_अण्णा
वाईट वाटलं वाचून. माझा अंदाज चुकला. धंद्यातल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या इंजिनाशी असं करू नये. त्याच्याकडे परत जाऊ नका. मॅनिफोल्डवर थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे टी-जोड मारून घ्या, थ्रॉटलच्या आधी नाही. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गॅसच्या मॅप सेन्सरचा पाईपही तिथूनच घ्या आणि तो सेन्सर टर्बोचा दाब वाचणारा आहे का ते विचारा. टर्बोच्या दाबाने साधा पाईप निसटतो, दोन्ही टोकांना क्लिप हवी. काम झालं की गॅसच्या सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

चादरवाला
आणि रिड्यूसर किती एचपीचा आहे, म्हणजे किती ताकदीच्या इंजिनाला पुरतो, तेही बघा. लेबलवर लिहिलेलं असतं.

विंचू_१३
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडून सकाळी पाईप जोडून घेतला. साबणाचं पाणी मारलं, कुठे बुडबुडा नाही. मोहोळपर्यंत जाऊन आलो. ३००० ला आता काही होत नाही, तिसऱ्या गिअरला अशी ओढली की आई सीटला धरून बसली. पण ४८०० च्या आसपास पुन्हा किंचित धरते. रिड्यूसरच्या लेबलवर १२० एचपी लिहिलंय.

शेंगाचटणी
१४५च्या इंजिनला १२०चा रिड्यूसर, वरच्या आरपीएमला गॅस कमी पडणारच. मोठा मिळेपर्यंत गॅसच्या ईसीयूमध्ये (किटच्या कंप्युटरमध्ये) ४००० च्या वर पेट्रोलवर जायची सेटिंग करून घ्या, लॅपटॉपवर दोन मिनिटांचं काम आहे. सोमवारी तसेच जा. मोठा बसवल्यावर ट्युनिंग पुन्हा करावं लागेल. आणि गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटा लवकर झिजू शकतात, तेही लक्षात ठेवा.

विंचू_१३
सेटिंग केली. ताई, अण्णा, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गाडी विकायचा विचार डोक्यात आला होता.

एनएच_६५
आरसीचं?

विंचू_१३
नोंद झालेली नाही. सर्टिफिकेट मागितलं तर बसवणारा उद्या देतो म्हणतोय. पुण्याहून आलो की बुधवारी स्वतः आरटीओत जातो. सोमवारी जाता-येता पेट्रोलवरच चालवणार, टाकीचा कॉक बंद करून.

लिनिया_टीजेट
हा धागा वाचून मी खाली जाऊन माझं बोनेट उघडलं. माझ्या रिड्यूसरच्या पाईपला स्क्रू नाही, पण तो एअर फिल्टरच्या नळीला जोडलाय. हेही चुकीचंच ना? ताई, जमलं तर सांगा, उद्या तुळजापूरला जायचं आहे.