गणपतीला रात्रभर गाडी हाणत गावी जायची खरंच गरज आहे का?

वर्तकनगरकर:
काल एकाने कोकणात गावी जायच्या टिप्स टाकल्या. ऑफिस सुटलं की जेवून दहाला ठाण्यातून निघा, पोरं मागे झोपतात, रस्ता मोकळा, मध्ये एकच चहा, उजाडायला कणकवली. वर पन्नासेक जणांचे अंगठे. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, सकाळी सहाला उठलेला माणूस, दिवसभर काम, मग बॅगा भरणं, आणि रात्री तीनला संगमेश्वरच्या आसपास अख्खं घर झोपलंय आणि हा एकटा जागा! दोन ते पाच शरीर झोपच मागतं, काच खाली करून नि गाणी मोठी लावून ती जात नाही. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांची डुलकी लागली तर ६६ मीटर गाडी कोणीच चालवत नाहीये. त्यात पाऊस, समोरच्याचा हाय बीम, मध्येच डायव्हर्जन. त्यापेक्षा लवकर झोपा, पहाटे साडेचारला निघा, नाश्ता महाडला, जेवण हातखंब्याला, दर दोन तासांनी पाय मोकळे करा. संध्याकाळी पोचलात तर बाप्पा रागावणार नाही.

मालवणी_माणूस_कळवा:
टिप्स टाकणारा मीच. दादा, साडेचारला निघून बघा एकदा गणपतीच्या आदल्या दिवशी. पळस्पे ते वडखळ सगळी दुनिया तेव्हाच रस्त्यावर असते. दुपारच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये पोरं उलट्या करतात, सासूबाईंचे गुडघे धरतात. आणि रजा दोनच दिवस मिळते, त्यातला एक रस्त्यात घालवू? वडील रात्रीच न्यायचे, मीपण नेतो, आजवर खरचटलं नाही.

वर्तकनगरकर:
आजवर काही झालं नाही हा पुरावा नाही हो. असंच म्हणणारा माझा सख्खा मावसभाऊ कशेडी घाटात कठड्यावर गेला. तोही रात्रीचाच राजा होता. वाचला, पण वहिनींच्या पायात अजून रॉड आहे.

पनवेलचा_प्रवासी:
मुळात मुंबई-गोवा हायवे पूर्ण झाला असता तर हा वादच नसता. २०११ पासून काम चालूय! कशेडीचा बोगदा झाला हे मान्य, पण पुढचं काय? मुलगा पहिलीत होता तेव्हा 'पुढच्या गणपतीला' ऐकलं, तो इंजिनिअरिंगला गेला. आणि ट्रेन म्हणाल तर रिझर्वेशन उघडताच मिनिटांत वेटिंग. लोकांनी करायचं काय?

वर्तकनगरकर:
रस्ता खराब आहे म्हणूनच तर रात्री नको म्हणतोय! २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीचा पूल गेला तो रात्रीच, दोन एसट्या वाहून गेल्या. अंधारात पुढे पूल नाही हे दिसणार कसं?

कोपरखैरणेची_आई:
रात्र की पहाट जरा बाजूला ठेवा. मागच्या सीटवर बेल्ट किती जण लावता ते सांगा. ४ सप्टेंबर २०२२, चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल, उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, दोघंही गेले. पुढचे दोघं वाचले.

मालवणी_माणूस_कळवा:
तो अपघात भर दुपारचा होता बरं का. रात्रीला शिव्या घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

कोपरखैरणेची_आई:
तेच म्हणतेय मी, वेळ कुठलीही असो बेल्ट लागतोच.

घणसोलीचे_आजोबा:
आमच्या सात सीटच्या गाडीत नऊ जण जातो, बेल्ट कुणाकुणाला लावणार? आणि लहान बाळ आईच्या मांडीवर असतं, त्याहून सुरक्षित जागा कुठली?

कोपरखैरणेची_आई:
काका, राग मानू नका पण हे ऐकून जीव घाबरा होतो. दहा किलोचं बाळ, गाडी पन्नासच्या स्पीडवरून दणकन थांबली की हातात शंभर किलोच्या वर होतं. कुठली आई धरेल? आणि पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं तर एअरबॅग त्याच्याच अंगावर फुटते. माझ्या बहिणीचा मुलगा मागे मधोमध उभा होता, खालापूरजवळ नुसता जोरात ब्रेक लागला, धडक नाहीच, तर थेट गिअरवर आपटला. कपाळाला टाके पडले. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी करायचं का हे?

घणसोलीचे_आजोबा:
आम्ही चार पोरं एसटीच्या टपावरून फिरून वाढवली. आता प्रत्येक गोष्टीची भीती घालता.

वर्तकनगरकर:
काका, तुमच्या वेळी एसटी चाळीसने जायची. आता नातू शंभरच्या स्पीडला गाडीत उभा असतो. आणि काही शहाणे बेल्टचा अलार्म वाजू नये म्हणून खोटी क्लिप खोचतात, त्यांचं काय करायचं?

मालवणी_माणूस_कळवा:
बरं, क्लिप आमच्या गाडीत होती, मेव्हण्याने आणलेली. काढतो. यंदा त्यालाच सोबत घेतोय, दोघं आलटून पालटून चालवू, दुपारी झोप काढून निघू. पण निघणार रात्रीच, हे पटलं नाही ते नाहीच.

वर्तकनगरकर:
दुसरा ड्रायव्हर आणि आधी झोप, एवढं केलंत तरी खूप झालं. माझं मत पहाटेचंच आहे.

घणसोलीचे_आजोबा:
सुनेने वाचलं हे सगळं. दोन गाड्या करायच्या म्हणते. खर्च वाढला. पण मागच्या सीटला बेल्टची बकलंच सापडत नाहीयेत, आहेत तरी कुठे?

कोपरखैरणेची_आई:
सीट कव्हरखाली दबलीत काका. कव्हर काढा, सीट आणि पाठीच्या मधल्या फटीत हात घाला, मिळतील.